ठेकेदार जोतीराव

१८८२ साली हंटर आयोगापुढे शिक्षणविषयक निवेदन देताना जोतीराव फुले यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली होती. महात्मा ही पदवी मुंबईच्या जनतेने त्यांना पुढे १८८८ साली दिली. आपण दर ११ एप्रिलला त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. पण या महापुरुषाने धंदा कसा केला, याची चर्चा चळवळीत फारशी होत नाही. ती झाली पाहिजे.

१८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली म्हणून जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले. सनातनी पुण्यात समाजकार्य करायचे तर पोट कोणाच्या मेहेरबानीवर असून चालणार नव्हते. जोतीरावांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याचे दुकान टाकले. पुढे सरकारी बांधकामांचे ठेके घेतले. पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या नावाशी येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा आणि खडकवासल्याचे काम जोडलेले आहे. मांजरीला त्यांनी शेतीही केली.

ठेकेदारीत पैसा होता तशी लबाडीही होती. निरक्षर मजुराला हिशेब कळत नसे. कारकुनापासून इंजिनिअरपर्यंत सारे त्याच्या घामावर हात मारत. जोतीराव याच व्यवस्थेतून कमावत होते. तोंड मिटून बसले असते तर आणखी ठेके मिळाले असते. त्यांनी उलट बांधकाम खात्यातील या लुटीवरच लेखणी चालवली. ज्या धंद्यावर आपले पोट, त्याच धंद्यातील पाप चव्हाट्यावर मांडायला मोठी छाती लागते.

मिळालेला पैसा कुठे गेला? १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणारा हा माणूस १८७३ साली सत्यशोधक समाज उभारतो. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालते. नगरपालिकेतही तीच नीती. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी जनतेचे हजार रुपये उधळण्याच्या ठरावाला एकट्या जोतीरावांनी विरोध केला. सरकारी ठेके घेणाऱ्याने सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीविरुद्ध हात वर केला, हे लक्षात घ्या.

१८८८ साली पक्षाघाताने त्यांना गाठले. उपचारालाही पैशाची चणचण पडली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुढे सावित्रीबाईंच्या मदतीसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकावा लागला. लाखोंची कामे करणाऱ्याच्या घरात संपत्ती साठली नव्हती. ती समाजात गेली होती.

बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या जोतीरावांची ही बाजू आज अधिक महत्त्वाची आहे. आपल्या समाजातही आता ठेकेदार आणि कारखानदार उभे राहिले आहेत. २००५ साली पुण्यात डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन झाली. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण साफसफाईच्या ठेक्यावर राबणारा कामगारही बहुतेक आपलाच असतो. त्याला किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, हातमोजे आणि गमबूट मिळतात काय? मालकाच्या केबिनमध्ये फुले-आंबेडकरांच्या तसबिरी असतील आणि हजेरीपटावर खोटे अंगठे असतील, तर तो मालक कोणत्याही जातीचा असो, तो जोतीरावांचा वारसदार नव्हे. समाजबांधवांनी आपल्या उद्योजकाला देणगीची पावती देण्याआधी त्याच्या कामगाराला पगाराची पावती मिळते का, हे विचारावे.