डॉ. सलीम अली : पक्ष्यांवरच्या संशयाचा शोध



डॉ. सलीम अली यांचे नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. गळ्यात दुर्बीण, पांढरी दाढी आणि सडपातळ शरीरयष्टी असलेले त्यांचे छायाचित्रही पाहिले असेल. पक्ष्यांची ओळख करून देणारा थोर माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या कामाचा एक भाग आपल्या बेळगाव-गोवा परिसरातील जंगलांशी आणि तिथे होणाऱ्या एका आजाराशी जोडलेला आहे. तो फारसा सांगितला जात नाही, म्हणून या अंकात त्याची माहिती देत आहोत.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी मुलांचा सांभाळ केला. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे हे त्यांच्या लक्षात आले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेतील पेंढा भरलेले पक्षी मुलाला दाखवले. तिथून या मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली.

ही दिशा सरळ मात्र नव्हती. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सोडून ते १९१४ मध्ये ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या धंद्यात गेले. धंद्यापेक्षा रानातील पक्ष्यांकडेच त्यांचे लक्ष जास्त होते. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. अधिक शिकण्यासाठी १९२८ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये एरविन श्ट्रेझमान या नामवंत पक्षितज्ज्ञांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९३० मध्ये परत येतात तो पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली होती.

नोकरी गेली, पण हातावर हात ठेवून ते बसले नाहीत. पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम येथे राहायला गेले. तिथे घराजवळ सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. पावसाळ्यात आडोसा करून सलीम अली तासन् तास ती वस्ती पाहत बसत आणि प्रत्येक हालचालीची नोंद ठेवत. त्यातून एक नवी गोष्ट उलगडली. घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला घरटे पसंत पडले की ती तिथे मुक्काम करते. मग नर ते पूर्ण करतो आणि मादी अंडी उबवू लागली की दुसरे घरटे विणायला घेतो. तेही पसंत पडले तर तिसरे. १९३१ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. संयम आणि वही पुरली.

पुढे त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्या केल्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, म्हैसूर, तसेच इंदूर, ग्वाल्हेर आणि भोपाळ अशी ही यादी मोठी आहे. हैदराबादच्या पाहणीसाठी त्यांनी पगार घेतला नाही, फक्त प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मागितला. तंबूतल्या या संसारात तेहमिनाबाई बरोबर असत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा घाव मोठा होता. तरी काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले.

आता त्या आजाराकडे वळू. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात वानरे आणि माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ गावकऱ्यांना तीव्र ताप येऊ लागला, काही दगावले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास केला. रोगाचा विषाणू गोचिडींमधून पसरतो असे आढळले. पण हा विषाणू रशियातील गोचिडींच्या एका रोगाच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. मग प्रश्न उभा राहिला, की तो इथे आला कसा? दर हिवाळ्यात सैबेरियाकडून लाखो पक्षी भारतात येतात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडींनी तर तो आणला नाही?

संशय स्वाभाविक होता. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. १९६० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने मोठा अभ्यास हाती घेतला. त्याची धुरा सलीम अलींकडे होती. कच्छ, भरतपूर अशा ठिकाणी बारीक जाळ्यांत पक्षी अलगद पकडायचे, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा करायच्या, पायात क्रमांकाचे हलके धातूचे कडे घालायचे आणि सोडून द्यायचे. तो पक्षी दूर देशी कोणाला सापडला आणि कड्याचा क्रमांक कळवला गेला, की प्रवासाचा मार्ग कळे. भरतपूरला कडे घातलेली बदके सैबेरियात सापडली, तेव्हा त्या लांबच्या प्रवासाचा पक्का पुरावा हाती आला.

मात्र परदेशी पक्ष्यांनी हा ताप आणला, याला पुरावा मिळाला नाही. विषाणू इथल्याच जंगलात, गोचिडी आणि लहान प्राण्यांमध्ये आधीपासून असावा, आणि जंगलतोड व रानातील गुरांचा वावर यांमुळे तो माणसापर्यंत पोहोचला, असे आज बहुतेक मानले जाते. उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आले म्हणून ही मेहनत वाया गेली असे नव्हे. स्थलांतराबद्दल कितीतरी माहिती याच कामातून मिळाली.

या कामामुळे त्यांना मनस्तापही झाला. पुढच्या काळात संशोधनासाठी अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय विभागाचा पैसा आला होता. पक्ष्यांमार्फत रोग पसरवण्याच्या युद्धतंत्रासाठी ही माहिती वापरली जाईल, असे आरोप १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून झाले. संसदेच्या लोकलेखा समितीनेही अशा परदेशी साहाय्याच्या प्रकल्पांची तपासणी केली. सलीम अलींनी आरोप ठामपणे नाकारले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आज कोणाला शंका नाही. तरीही संशोधनाला पैसा कोण देतो आणि कशासाठी देतो, हे विचारण्याचा समाजाला अधिकार आहे, हेही या प्रसंगातून ध्यानात घ्यायला हवे.

कन्नडमध्ये मंगन कायिले आणि मराठीत माकडताप म्हटला जाणारा हा रोग पुढे आपल्याही दारात आला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात रुग्ण आढळले. काजूच्या बागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांनाही लागण झाली. म्हणून पालकांनाही एक विनंती. रानात मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका आणि आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला लगेच कळवा. रानातून आल्यावर अंगावर गोचिडी आहेत का ते पाहा, गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे धुवा. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणून रुग्णाला वाळीत टाकू नका.

डॉ. सलीम अलींना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा त्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदीत त्यांनी जगाचा निरोप घेतला. गोव्यातील चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव आहे. सहलीला जाल तेव्हा जरूर पाहा.

मित्रांनो, कोणावर दोष ठेवण्याआधी नीट पाहावे, नोंद ठेवावी आणि पुरावा सांगेल ते मान्य करावे, हा त्यांच्या कामाचा धडा आहे. त्याची सुरुवात तुम्हीही करू शकता. एक वही घ्या. शाळेच्या आवारात रोज कोणता पक्षी किती वाजता येतो आणि काय करतो, ते महिनाभर लिहा. महिन्यानंतर ती वही वर्गात वाचून दाखवा.