धीवरपुत्र लोमोनोसोव्ह

आज जगांतील अनेक विद्यापीठांत रशियन भाषा व वाङ्मय हे विषय शिकविले जातात. पुष्किन, टॉल्स्टॉय, चेकॉव्ह यांचे ग्रंथ मुळांतून वाचतां यावे म्हणून देशोदेशींचे विद्यार्थी त्या भाषेचें व्याकरण घोकीत असतात. परंतु सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं खुद्द रशियांतच उच्च विद्या रशियन भाषेंत शिकविली जात नसे. शास्त्र शिकावयाचें तर तें लॅटिन किंवा जर्मन भाषेंतूनच, आपली बोली त्या कामाची नव्हे, असा तेथील विद्वानांचा ग्रह होता. हा ग्रह दूर करण्यासाठीं ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें, त्या एका धीवरपुत्राचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत ठेवूं इच्छितों.

मिखाईल लोमोनोसोव्ह याचा जन्म जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें ता. ८ नोव्हेंबर १७११ रोजीं झाला. त्याचें गांव उत्तर रशियांत, ड्विना नदीच्या एका बेटावर, खोल्मोगोरी या ठिकाणाजवळ होतें. बाप मासे धरण्याचा धंदा करी व स्वतःचें गलबत घेऊन श्वेतसमुद्रांतून पार उत्तर महासागरापर्यंत जाई. मिखाईलही लहानपणापासून त्याजबरोबर समुद्रावर जाऊं लागला. बर्फ, वादळ आणि दीर्घ रात्रीं आकाशांत खेळणारा मेरुप्रकाश हीच त्याची पहिली शाळा होय.

आई एका उपाध्यायाच्या घराण्यांतील होती. परंतु मूल नऊ वर्षांचें असतांच ती वारली. पुढें घरांत आलेल्या सावत्र आईला त्याचें वाचन मुळींच खपत नसे. पुस्तक हातीं दिसलें कीं ती बापाचे कान फुंकी. त्यामुळें तो पोर एखाद्या ओसाड, थंडगार जागीं जाऊन भुकेला व कुडकुडत वाचीत बसे. शेजाऱ्यांकडून त्याला दोन पुस्तकें मिळालीं: एक स्मोत्रित्स्कीचें स्लाव्होनिक व्याकरण व दुसरें माग्नित्स्कीचें अंकगणित. हीं दोन्ही त्यानें मुखोद्गत केलीं. स्तोत्रसंहितेचें पद्य रूपांतरही त्यानें पुनः पुनः वाचलें, व कवितेची गोडी त्याला तेथेंच लागली.

इ. स. १७३० च्या डिसेंबरांत, एकोणीस वर्षांचा असतां, त्यानें घर सोडलें. मासळी घेऊन मॉस्कोस जाणाऱ्या गाड्यांचा एक तांडा निघाला होता. त्याच्याबरोबर सुमारें सातशें मैलांचा बर्फाळ मार्ग काटून तो राजधानींत आला. परवान्याची मुदत सरल्यावरही तो परतला नाहीं, तेव्हां गांवच्या दप्तरांत त्याचें नांव फरारी म्हणून लिहिलें गेलें.

मॉस्कोंत स्लाव्ह-ग्रीक-लॅटिन अकादमी नांवाची मोठी पाठशाळा होती. पण तिचें दार शेतकऱ्यांच्या मुलांस बंद होतें. लोमोनोसोव्हनें आपण सरदारपुत्र असल्याचें सांगून प्रवेश मिळविला. येथें आम्हांस क्षणभर थांबणें भाग आहे. असत्याला आम्ही सद्गुण म्हणणार नाहीं, मग तें विद्येसाठीं कां असेना. पुढें इ. स. १७३४ मध्यें एका मोहिमेबरोबर उपाध्याय म्हणून जाण्याच्या इच्छेनें त्यानें आपला बाप धर्मगुरु असल्याचें सांगितलें. चौकशी होणार असें दिसतांच मात्र त्यानें आपलें खरें कूळ कबूल केलें. शाळेंतून काढून टाकण्याचें भय डोळ्यांपुढें असतांही त्यानें हें केलें, आणि वडीलधाऱ्यांनींही त्याला क्षमा करून ठेवून घेतलें. त्याच्या अपराधाचें मोजमाप करितांना, ज्यांनीं ज्ञानाचें दार जन्मावरून बंद केलें होतें त्यांच्याही अपराधाचें मोजमाप करावें, एवढेंच आम्ही म्हणतों.

शिष्यवृत्ति दिवसाला तीन कोपेक. अर्ध्या कोपेकाची भाकरी व अर्ध्या कोपेकाचें क्वास नांवाचें आंबूस पेय. उरलेल्या पैशांत कागद, जोडे व इतर गरजा. वर्गांतील लहान मुलें ह्या वीस वर्षांच्या लॅटिन शिकणाऱ्या घोड्याकडे बोट दाखवून हंसत. तिकडे बाप निरोपांवर निरोप पाठवी: तूं एकुलता एक मुलगा, एवढी मिळकत कोणासाठीं जोडली? गांवांतील चांगल्या घरच्या मुली सांगून येत होत्या. पोरानें हें सर्व सोसलें व अभ्यास सोडला नाहीं.

इ. स. १७३६ च्या आरंभीं बारा निवडक विद्यार्थ्यांत त्याची गणना होऊन तो सेंट पीटर्सबर्गच्या अकादमींत गेला व त्याच वर्षीं दोन सोबत्यांसह जर्मनींतील मारबुर्ग विद्यापीठांत रवाना झाला. तेथें त्याचा गुरु क्रिस्तियान वोल्फ हा होता. वोल्फनें लॅटिनबरोबर आपल्या जर्मन भाषेंतही तत्त्वज्ञानाचे ग्रंथ लिहून ती भाषा विद्येला समर्थ करून दाखविली होती. जें जर्मन भाषेला साधलें तें रशियन भाषेला कां साधूं नये? या प्रश्नाचें उत्तर शिष्यानें पुढें कृतीनें दिलें. परदेशांतूनच, इ. स. १७३९ मध्यें, त्यानें रशियन छंदःशास्त्रावरील पत्र व त्यासोबत एक वीरकाव्य मायदेशीं धाडलें.

इ. स. १७४१ मध्यें तो स्वदेशीं परतला. त्याच सुमारास बाप समुद्रांत बुडून मेला. परत येतांना आपल्या बापाचें प्रेत एका ओसाड बेटावर पडलेलें त्याला स्वप्नांत दिसलें व तें तेथेंच सांपडलें, अशी आख्यायिका आहे. ती कशीही असो. ज्या बापाची विनवणी त्यानें मानली नाहीं, त्याची भेट पुनः झाली नाहीं, हें खरें.

स्वभावानें तो तापट होता. अकादमींतील सहकाऱ्यांशीं भांडण विकोपास जाऊन इ. स. १७४३ मध्यें त्याला कित्येक महिने अटकेंत राहावें लागलें. त्याच वर्षीं त्यानें मेरुप्रकाश पाहून देवाच्या महिम्यावर चिंतनपर काव्य रचलें आणि एका स्तोत्राचेंही पद्य रूपांतर केलें. इ. स. १७४५ मध्यें तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. पुढील वर्षीं पदार्थविज्ञानावर त्यानें रशियन भाषेंत जाहीर व्याख्यान दिलें. शास्त्रासाठीं शब्द नव्हते, ते त्यानें लोकांच्या बोलींतून घेतले किंवा नवे घडविले. इ. स. १७६१ मध्यें शुक्राचें सूर्यबिंबावरून होणारें अधिक्रमण पाहून त्यानें त्या ग्रहाभोवतीं वातावरण असल्याचें अनुमान काढलें.

परंतु आमच्या मतें त्याची सर्वांत टिकाऊ सेवा भाषेची होय. त्याचें रशियन व्याकरण इ. स. १७५५ मध्यें पुरें होऊन १७५७ मध्यें छापून निघालें. त्यापूर्वीं देवळांतील प्राचीन स्लाव्होनिक व घरांतील रशियन यांची सरमिसळ चाले. लोमोनोसोव्हनें बोलत्या भाषेचे, विशेषतः मॉस्कोच्या बोलीचे, नियम शोधून सहा भागांत मांडले. जुन्या भाषेचा त्यानें तिरस्कार केला नाहीं. गंभीर विषयाला तिचे शब्द अधिक, मध्यम विषयाला बेताचे, आणि घरगुती लेखनाला साधी बोली, अशा तीन शैली त्यानें ठरविल्या. संस्कृत शब्द कोठें शोभतात व कोठें जड होतात याचा विचार करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास हें तत्त्व सहज उमगेल.

त्याच १७५५ सालीं, त्याच्या सल्ल्यानें व शुवालोव्ह या दरबारी गृहस्थाच्या खटपटीनें, मॉस्को विद्यापीठ स्थापन झालें. कायदा, वैद्यक व तत्त्वज्ञान अशा तीन शाखा होत्या. जोडीला दोन विद्यालयें, एक सरदारांच्या मुलांसाठीं व दुसरें इतरांसाठीं. त्याचा शिष्य पोपोव्स्की यानें तेथें उभें राहून तत्त्वज्ञान रशियन भाषेंतही शिकवितां येतें असें प्रतिपादिलें. बहुतेक व्याख्यानें तरीही लॅटिनमध्येंच चालत, आणि मालकानें मुक्त न केलेल्या भूदासांच्या मुलांना प्रवेशही नव्हता. सर्व शाखांत रशियन भाषेंतून शिकविण्याची राजाज्ञा इ. स. १७६७ मध्यें निघाली. ती पाहण्यास लोमोनोसोव्ह उरला नव्हता.

अखेरच्या वर्षांत पीटर्सबर्गच्या अकादमीची शाळा व विद्यापीठ त्याच्या देखरेखीखालीं होतें. गरीब विद्यार्थ्यांच्या अन्नवस्त्रासाठीं तो भांडे. विद्यालयांत मान ज्ञानावरून मिळावा, जन्मावरून नव्हे, असें तो आग्रहानें सांगे. आपल्या बहिणीच्या मुलालाही त्यानें उत्तरेंतून आणवून शाळेंत घातलें. तो पुढें गणिती झाला. ता. ४ एप्रिल १७६५ रोजीं लोमोनोसोव्ह वारला. मॉस्को विद्यापीठास त्याचें नांव इ. स. १९४० मध्यें देण्यांत आलें.

ज्या दारांतून शिरतांना त्याला आपलें कूळ लपवावें लागलें, तें दार इतरांसाठीं उघडावें म्हणून तो जन्मभर झगडला. आमच्या शाळेंत येणाऱ्या कोणत्याही मुलास आपल्या बापाचा धंदा सांगतांना मान खालीं घालावी लागूं नये. आणि परक्या भाषा शिकतांना आपल्या मातृभाषेचा विसर पडूं नये. हे दोन धडे जरी या चरित्रांतून घेतले, तरी त्या धीवरपुत्राची थंडींत कुडकुडत केलेली तपश्चर्या आमच्याही कामीं आली असें आम्ही समजूं.