निरशा दुधातले भाऊबंद

धारोष्ण दूध तब्येतीला उत्तम, ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही गाय धडधाकट आणि गोठा स्वच्छ असला की निरसे दूध पिण्यात बहुतेकांना धोका वाटत नसे. या समजुतीला हादरा देणाऱ्यांमध्ये ॲलिस इव्हान्स यांचे नाव मोठे आहे.

इव्हान्स यांचा जन्म १८८१ साली पेनसिल्व्हेनियातील नीथ या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. चार वर्षे शाळेत शिकवल्यावर ग्रामीण शिक्षकांसाठीच्या मोफत अभ्यासक्रमाच्या निमित्ताने त्या कॉर्नेल विद्यापीठात गेल्या आणि जीवाणूशास्त्रात रमल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन १९१० मध्ये त्या अमेरिकी कृषी खात्याच्या दुग्ध विभागात लागल्या. चीज मुरताना त्यात कोणते जीवाणू वाढतात, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. १९१३ मध्ये त्या वॉशिंग्टनला आल्या आणि कासेतून नुकत्याच काढलेल्या दुधातले जीवाणू तपासू लागल्या.

गायी गाभडण्यास कारण ठरणारा जीवाणू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये शोधला होता. निरोगी दिसणाऱ्या गायींच्या दुधातही तो सापडत असे. पण तो जनावरांचा आजार, माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असेच सारे धरून चालले होते. दुसरीकडे, माणसाला महिनोन्‌महिने चढउताराचा ताप आणणाऱ्या ‘माल्टा तापा’चा जंतू ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्येच ओळखला होता. तो शेळीच्या दुधातून पसरतो, हेही कळले होते. ब्रूस यांनी आपल्या जंतूची गणना गोल जीवाणूंत केली होती, तर बँग यांनी आपला दंडाकृती ठरवला होता. त्यामुळे पुस्तकांत दोघांची प्रकरणे वेगळी होती. एकदा कप्पे पडले की शास्त्रज्ञही त्यांबाहेर सहसा डोकावत नाहीत!

इव्हान्स यांनी दोन्ही जीवाणू शेजारी ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली ते आखूड दंडासारखेच दिसले. त्यांची वाढ सारखी होती आणि गिनीपिगवरचे परिणामही मिळतेजुळते होते. एका जीवाणूविरुद्ध तयार झालेल्या सीरममुळे दुसऱ्याच्याही गुठळ्या होत होत्या. हे दोघे जवळचे नातलग आहेत आणि गायीचे निरसे दूधही माणसाला आजारी पाडू शकते, असा निष्कर्ष त्यांनी १९१७ मध्ये जीवाणूशास्त्रज्ञांपुढे मांडला. पुढच्या वर्षी तो प्रसिद्धही झाला.

पण विश्वास कोण ठेवणार? एक तर बाई, त्यातून डॉक्टरेट नाही. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारखा नावाजलेला शास्त्रज्ञ विरोधात होता. आक्षेप वरकरणी बिनतोडच वाटे: हजारो लोक निरसे दूध पितात, मग तापाचे रोगी कुठे आहेत? रोगी होते. त्यांच्या कागदांवर टायफॉइड, मलेरिया किंवा फ्लू लिहिलेले असे, एवढेच.

१९२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कार्ल मेयर यांच्या प्रयोगशाळेने हे नाते पडताळून पाहिले आणि ब्रूस यांच्यावरून या जीवाणूंना ‘ब्रुसेला’ हे समाईक नाव सुचवले. दोनच वर्षांनी खुद्द इव्हान्स यांना प्रयोगशाळेत याच जीवाणूची बाधा झाली. सुमारे दोन दशके ताप येत-जात राहिला. मधल्या काळात त्यांचे दुखणे मनाचे आहे, असेही डॉक्टरांनी ठरवून टाकले होते. आपल्याच शोधाचा असा पुरावा देण्याची वेळ कुणावर येऊ नये. १९२८ मध्ये त्या अमेरिकी जीवाणूशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तीसच्या दशकात दुधाच्या पाश्चरीकरणाची सक्ती अमेरिकेत एकेका ठिकाणी लागू होत गेली.

१९७५ मध्ये, वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी ब्रुसेलांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध झाली. त्यांच्यातील साम्य ९० टक्क्यांहून अधिक भरले. हे सारे एकाच जातीचे मानावेत, असे त्या शास्त्रज्ञांनी सुचवले.