तळ्याचा दावा

भीमराव आंबेडकर यांचे नाव १९०० साली सातारच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्या सुमारास, नऊ वर्षांचे असता, ते भाऊ व भाच्यांसह खटाव तालुक्यातील गोरेगावी वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनावर जात कळताच गाडीवाले दूर सरले. दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली; रात्रभर घोटभर पाणी मिळाले नाही. तो रस्ता आमच्या पुष्कळ वाचकांच्या पायाखालचा आहे.

पुढे बॅरिस्टर होऊन १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली आरंभिली. २० मार्च १९२७ रोजी महाडास चवदार तळ्याचे पाणी ते व त्यांचे लोक प्याले. डिसेंबरात काही स्पृश्यांनी त्यांच्यावरच दावा लावून मनाईहुकूम मिळविला. २५ तारखेस हजारो लोक पुन्हा जमले. पुष्कळ जण तळ्यात उतरण्यास उतावीळ होते. पण हुकूम मोडावा, तर न्याय कोणत्या तोंडाने मागावा? भीमरावांनी लोकांस आवरले. तळ्याभोवती मिरवणूक काढून, पाण्यास न शिवता ते परतले. आम्हांस हे धैर्य पाणी पिण्याहून थोर वाटते.

दावा नऊ वर्षांवर चालला. वादींस अनादी वहिवाट शाबीत करिता आली नाही, म्हणून १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळिले. मसूरच्या त्या रात्रीस तेव्हा पस्तीस वर्षे उलटून गेली होती.