अंगणवाडीच्या जनक : ताराबाई मोडक



बदलापूरहून बारवी धरणाकडे निघालो की डोंगराच्या कुशीत ठाकर आणि कातकरी बांधवांचे पाडे लागतात. अशा पाड्यांवर दवाखाना किंवा मोठे दुकान सहसा नसते, पण अंगणवाडी हा शब्द मात्र लहानमोठ्या सर्वांना ठाऊक असतो. हा शब्द आणि त्यामागचा विचार आपल्याच भागातला, जुन्या ठाणे जिल्ह्यातला आहे. तो ज्यांनी दिला त्या ताराबाई मोडक यांची ओळख आज करून घेऊ या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुली फारशा शिकत नसत त्या काळात ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो टिकला नाही. १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी होती. त्या काळच्या समाजात अशा स्त्रीकडे कसे पाहिले जाई, हे सांगायला नको. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची चांगली नोकरी मिळाली होती, ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्या बालमंदिरात कामाला लागल्या.

गिजुभाईंनी मारिया मॉन्टेसरी यांची शिक्षणपद्धती आपल्या मातीत रुजवायला घेतली होती. मॉन्टेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत उघडले होते. पुढे मात्र ही पद्धत महागड्या साधनांमुळे पुष्कळ ठिकाणी सधनांच्या मुलांपुरती उरली. ताराबाईंनी १९२६ साली गिजुभाईंबरोबर नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, शिक्षणपत्रिका चालवली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. शिशुविहार उत्तम चालले, पण तेथे येणारी मुले मुख्यतः मध्यमवर्गीयांची होती. ही गोष्ट ताराबाईंच्या मनाला लागून राहिली.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी आल्या. ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ नावाची एक तरुण बालविधवा शिक्षिका त्यांना येऊन मिळाली आणि आयुष्यभराची सहकारी झाली.

बालवाडी उघडली खरी, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. दलित वाड्यांतल्या आणि आदिवासी घरांतल्या आईबापांना सकाळी कामावर जावे लागे. मुलांना न्हाऊमाखू घालून शाळेत पोचवायला सवड कोणाला होती? आपल्यासारखी शिकलेली माणसे अशा वेळी पालकांना दोष देऊन मोकळी होतात. लोकांना कदर नाही, हे वाक्य आपल्या बैठकांतही अधूनमधून ऐकू येतेच. ताराबाईंनी दोष शाळेकडे घेतला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागली आणि तिथल्याच एखाद्या अंगणात वर्ग भरू लागला. आधी हातपाय धुणे, नखे, केस. मग गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने आली. अंगणात भरते ती अंगणवाडी.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तेथे थोरली मुले गुरे राखायची, म्हणून शाळा कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी बसायच्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. यातले काहीही आधी कागदावर आखलेले नव्हते. अडचण आली, नीट पाहिले आणि पद्धत बदलली. माझ्या मते ताराबाईंचा खरा शोध हाच आहे. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशभर सुमारे चौदा लाख केंद्रे आहेत. एवढ्या मोठ्या देशात सरकारशिवाय हे कोणाला साधले नसते. पूरक आहार आणि लसीकरण यांमुळे असंख्य बालके जगली, याबद्दल कृतज्ञच राहायला हवे.

तरीही तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला येथे एक प्रश्न पडतो. एखादी गोष्ट लहानाची मोठी होते तेव्हा तिच्यातले नेमके काय मोठे होते? बारवी धरण १९७२ साली बांधून झाले. शहरांची आणि कारखान्यांची तहान वाढली तशी त्याची उंचीही टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. भिंत वाढली की पाणी वाढते, आणि काठचे पाडे हलवावे लागतात. सरकारी योजनाही पुष्कळशी अशीच वाढते. मोजता येते ते आधी वाढते: केंद्रे, वजनाचे तक्ते, आहाराची पाकिटे, नोंदवह्या आणि २०२१ पासून मोबाईलवरील पोषण ट्रॅकर. मूल का आले नाही म्हणून त्याच्या दारी जाणे आणि तिथे पाहून आपली रीत बदलणे, याला तक्त्यात रकाना नसतो. गाणी, गोष्टी आणि बियांचे खेळ अनेक ठिकाणी खिचडीच्या मागे पडले. अंगणवाडीला पक्की इमारत मिळाली हे चांगलेच झाले; पण धरणामुळे जागा बदललेल्या वस्तीतले एखादे मूल त्या इमारतीपर्यंत पोचले नाही, तर त्याच्याकडे कोणी जावे?

जायचे ते सेविकेनेच. अनुताईंनी ताराबाईंच्या मागे, १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत, कोसबाडची टेकडी सोडली नाही. अंगणात जाणाऱ्या बाईला तयार करणे हेच अवघड काम आहे, हे त्या जाणून होत्या. योजनेने मात्र या बाईला कर्मचारी न मानता मानधनावरची स्वयंसेविका मानले. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला, म्हणजे योजना सुरू होऊन सत्तेचाळीस वर्षे झाल्यावर. आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका व मदतनीस मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, तेव्हा गावोगावच्या अंगणवाड्यांना कुलपे लागली होती.