इंजिनीअर होता आलं नाही, गरिबीचे अभ्यासक झाले : सर आर्थर लुईस

बी.कॉम. ही त्यांची पहिली पसंती नव्हती. तरी त्याच वाटेने सर आर्थर लुईस अर्थशास्त्राच्या नोबेलपर्यंत पोहोचले.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया या छोट्या बेटावर २३ जानेवारी १९१५ रोजी त्यांचा जन्म झाला. आई-वडील शिक्षक. आर्थर सात वर्षांचे असताना वडील वारले. आईने पाच मुलं एकटीने वाढवली. चौदाव्या वर्षी शाळा संपली आणि ते सरकारी कचेरीत कारकून झाले. १९३२ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली. इंजिनीअर व्हायचं मनात होतं, पण त्या ब्रिटिश वसाहतीत काळ्या इंजिनीअरला नोकरी देणार कोण? म्हणून त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये कॉमर्स घेतलं.

त्याच दशकात कॅरिबियन बेटांवर मजुरांचे संप आणि दंगे पेटले. त्यावर १९३९ मध्ये त्यांनी पुस्तिका लिहिली. पोटाची आग आणि रस्त्यावरचा भडका यांचं नातं त्यांना तेव्हाच दिसलं होतं. १९४८ मध्ये, अवघ्या ३३व्या वर्षी ते मँचेस्टरला प्राध्यापक झाले.

१९५२ मध्ये बँकॉकच्या रस्त्याने चालताना त्यांना एका जुन्या कोड्याचं उत्तर सुचलं. दोन एकरांवर पाच भाऊ राबतात. दोघे शहरात गेले तरी पीक फारसं घटत नाही. अशी जादा माणसं गावात आहेत तोवर कारखाने वाढले तरी मजुरी वाढत नाही. ही माणसं कामाला लागली की मगच मजुरी चढते. १९५४ चा हा लेख जगभर गाजला.

पुढे ते स्वतंत्र घानाचे सल्लागार झाले. पंतप्रधान एन्क्रुमांशी खर्चाच्या प्राधान्यावरून पटलं नाही, तेव्हा पद सोडून निघाले. १९६५ च्या पुस्तकात त्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या राजकारणावर बोट ठेवलं. अनेक जमाती आणि भाषांच्या देशात बहुमतवाल्यांनी सगळी सत्ता घेतली तर भांडण अटळ, म्हणून अल्पसंख्याकांनाही सत्तेत वाटा हवा, असं त्यांचं मत होतं.

१९७९ मध्ये थिओडोर शुल्ट्झ यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. १५ जून १९९१ रोजी बार्बाडोसमध्ये त्यांचं निधन झालं. समाधी मात्र सेंट लुसियातच आहे, त्यांचंच नाव दिलेल्या कॉलेजच्या आवारात.