डावा मेंदू, उजवा मेंदू आणि डॉ. पॉल ब्रोका

हिशेबात हुशार मूल ‘डाव्या मेंदूचे’ आणि चित्रे काढणारे ‘उजव्या मेंदूचे’, अशी विभागणी आज शाळांपासून करिअर मार्गदर्शनापर्यंत सर्रास ऐकू येते. मेंदूचे दोन अर्धगोल दिसायला सारखे असले तरी त्यांची कामे अगदी सारखी नाहीत, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला पटवून देणारा माणूस मात्र असे काहीच म्हणाला नव्हता. त्याचे नाव डॉ. पॉल ब्रोका.

ब्रोका यांचा जन्म २८ जून १८२४ रोजी फ्रान्समधील सेंत-फ्वा-ला-ग्रांद या गावी झाला. वडीलही डॉक्टर होते. वैद्यकीय पदवी मिळवून ते पॅरिसमध्ये शल्यचिकित्सक झाले. १८५९ मध्ये त्यांनी पॅरिसची मानवशास्त्र संस्था स्थापन केली. १८६१ साली तेथे एक वाद रंगला होता. बोलण्याची शक्ती मेंदूच्या ठरावीक भागात असते की संपूर्ण मेंदूत? ठरावीक जागा मानणाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाई, कारण कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगण्याच्या विद्येने हा विषय बदनाम केला होता.

त्याच एप्रिलमध्ये बिसेत्र रुग्णालयात ब्रोका यांच्याकडे ५१ वर्षांचा लेबोर्न हा रुग्ण आला. त्याच्या पायाला गंभीर जंतुसंसर्ग झाला होता. २१ वर्षे रुग्णालयात काढलेल्या या माणसाला काहीही विचारले तरी ‘तान, तान’ एवढेच उत्तर येई. विचारलेले त्याला बहुतेक समजे. तो हातवारे करून सांगू पाही आणि आकडे बोटांवर दाखवी. जीभ हलत होती, पण शब्द फुटत नव्हते. १७ एप्रिलला त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात डाव्या मेंदूच्या पुढच्या खंडात कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी सापडली. दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी तो मेंदू संस्थेच्या सभासदांपुढे ठेवला.

काही महिन्यांनी जेमतेम पाच शब्द उच्चारू शकणारा ८४ वर्षांचा लेलाँ हा रुग्ण दगावला. त्याच्याही मेंदूत इजा जवळपास त्याच जागी होती. १८६३ पर्यंत अशा आठ रुग्णांची नोंद झाली आणि आठही वेळा बाजू डावीच निघाली. या योगायोगाने ब्रोका स्वतःच चकित झाले. पण निष्कर्ष काढायची त्यांनी घाई केली नाही. आपण डाव्या मेंदूने बोलतो, हे त्यांनी १८६५ मध्ये मांडले. मार्क डाक्स या डॉक्टरने हीच कल्पना पूर्वी मांडली होती, असा दावा त्याच्या मुलाने केला आणि तो लेखही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

ब्रोका यांचे म्हणणे मर्यादित होते. बहुतेक माणसे जशी उजव्या हाताने लिहितात, तशीच ती डाव्या मेंदूने बोलतात, एवढेच. भाषा समजण्याच्या कामात दोन्ही बाजू सहभागी असतात, असे त्यांचे मत होते. डाव्या मेंदूचा तो भाग जन्मतःच न वाढलेली एक स्त्री बोलू आणि वाचू शकत होती. तेव्हा गरज पडली तर उजवी बाजू हे काम शिकू शकते, हेही त्यांनी नोंदवले.

इतका काटेकोर माणूस दुसऱ्या विषयात मात्र घसरला. त्यांनी पॅरिसमधील २९२ पुरुष आणि १४० स्त्रियांच्या मेंदूंची वजने जमवली. सरासरी १३२५ आणि ११४४ ग्रॅम भरली. शरीराच्या आकारमानामुळे फरक पडतो हे ठाऊक असूनही त्यांनी त्याचा काही भाग स्त्रियांच्या कमी बुद्धीच्या खात्यात टाकला. मानववंशांचीही अशीच उतरंड लावली. मोजमाप बरोबर होते, पण निकाल आधीच ठरलेला होता. ९ जुलै १८८० रोजी, सिनेटवर निवड झाल्यानंतर काही महिन्यांतच, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉजर स्पेरी आणि सहकाऱ्यांनी अपस्मारावरील उपचारासाठी दोन अर्धगोलांमधला दुवा कापलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यासाठी स्पेरी यांना १९८१ चे नोबेल मिळाले. ‘डाव्या’ आणि ‘उजव्या’ मेंदूच्या माणसांची लोकप्रिय कल्पना या प्रयोगांच्या ढोबळ अर्थातून पसरली. प्रत्यक्षात धडधाकट माणसात हा दुवा शाबूत असतो आणि दोन्ही बाजू सतत एकमेकींशी बोलत असतात. वाक्यातील शब्द प्रामुख्याने डावी बाजू जुळवते. त्यातला सूर, थट्टा, टोमणा ओळखायला उजवी मदत करते. यूटा विद्यापीठाने २०१३ मध्ये १०११ व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. काही कामे एका बाजूला झुकलेली आढळली. पण एखाद्या माणसाची अख्खी एक बाजू वरचढ असल्याचे दिसले नाही. मुलाच्या कपाळी असा शिक्का मारून त्याचे गणित किंवा चित्रकला सोडवणे म्हणजे वजनावरून बुद्धी ठरवण्याचीच चूक पुन्हा करणे होय.

ब्रोका यांच्या शोधाचा खरा उपयोग रुग्णालयात होतो. अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातातले बळ गेले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. वाचा गेलेल्या माणसाला पुष्कळदा सगळे समजत असते, म्हणून त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलू नये, त्याच्याशी बोलावे. वाचोपचाराने, चिकाटी धरली तर, अनेकांचे शब्द थोडेथोडे परतही येतात.